इंग्रजीत छत्तीस: नर्सिंग प्रवेशाचे नियम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याचे वैद्यकीय शिक्षण खाते, सार्वजनिक आरोग्य खाते आणि परिचर्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदा व मंडळे यांतील सर्व संबंधित अधिकारी

विषय: बारावीला कमी गुण पडलेल्या मुलामुलींच्या नर्सिंग प्रवेशाबाबत

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, आहे. या नोकरीला तीस वर्षे होऊन गेली. हे पत्र मी कोणत्याही संघटनेच्या वतीने लिहीत नाही. एका मुलीमुळे लिहिते आहे. तिच्यासारख्या ज्या मुली दरवर्षी निकालानंतर नर्सिंग कॉलेजच्या खिडकीवरून परत जातात, त्यांच्याबद्दल आता गप्प बसवत नाही, म्हणूनही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या महिला वॉर्डात एक म्हातारी दाखल झाली. लकवा मारला होता, उजवी बाजू पूर्ण गेलेली. सोबत अठरा वर्षांची नात. आईवडील ऊसतोडीला जाणारे. त्या दिवसांत गावीच होते, पण रोजंदारी बुडवून दवाखान्यात बसणे त्यांना परवडणारे नव्हते. पहिल्या दिवशी मी त्या मुलीला सांगितले की आजीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. नातेवाइकांना हे आम्ही रोज सांगतो. ते मान हलवतात आणि रात्री झोपून जातात. त्यांचाही दोष नसतो, दमलेली असतात माणसे.

तिसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरने मला कॉटखालून एक पुठ्ठा काढून दाखवला. सलाईनच्या खोक्याचा फाडलेला तुकडा. त्यावर बॉलपेनने आखलेल्या रेघा आणि लिहिलेले: १० डावी, १२ उताणी, २ उजवी, ४ डावी. शेजारच्या रकान्यात लघवीच्या पिशवीचे आकडे: ४००, ६५०, ‘पिशवी बदलली’. त्याच्याखाली ‘पेज अर्धी वाटी, ठसका लागला, थांबवले’. तिला हे कोणी शिकवले नव्हते. बाजूच्या कॉटवरच्या पेशंटचा तक्ता आम्ही भरताना तिने पाहिला आणि तसाच आपला एक करून घेतला. म्हातारी एकोणीस दिवस राहिली. घरी गेली तेव्हा तिच्या पाठीवर लाल डागसुद्धा नव्हता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना मी हे शिकवते आणि कित्येकींना वर्ष संपेपर्यंत जमत नाही, म्हणून मला त्याची किंमत कळते.

मी तिला म्हटले, बाई, तू नर्सिंगला जा. ती म्हणाली, “मॅडम, बारावी झालीय माझी. आर्ट्स. सत्तेचाळीस टक्के.” मी म्हटले, चालतंय की, जी.एन.एम.च्या पदविकेला चाळीस लागतात. दुसऱ्याच आठवड्यात ती एका कॉलेजच्या खिडकीवर जाऊन आली. खिडकीतल्या माणसाने गुणपत्रिका पाहिली, इंग्रजीच्या गुणांवर बोट ठेवले आणि कागद परत सरकवला. इंग्रजीत छत्तीस. “तुझं नर्सिंग होणार नाही.” एवढेच.

हे मला वर्षभराने समजले.

इथे नियम नीट मांडते, कारण हे पत्र पालकही वाचतील. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे जी.एन.एम.ला, म्हणजे तीन वर्षांच्या पदविकेला, बारावीची कोणतीही शाखा चालते, पण एकूण किमान ४० टक्के लागतात आणि इंग्रजीतही स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आणि ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. म्हणजे आर्ट्सच्या मुलीला तो दरवाजा थेट उघडत नाही. तिसरा कोर्स ए.एन.एम., म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, दोन वर्षांचा. त्याला आर्ट्स चालते आणि बारावी पास असणे पुरते.

माझे म्हणणे इथूनच सुरू होते. आपले राज्य मंडळ ३५ गुणांना पास म्हणते. त्याच राज्यातली नर्सिंगची खिडकी ३९ गुणांना परत पाठवते. पास झालेल्या मुलीला पेढे वाटून झाल्यावर कळते की जिथे जायचे होते तिथे ती नापासच आहे. मधल्या चार-पाच गुणांच्या या पट्टीत किती मुली अडकतात हे मोजण्याची सोय माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे. मोजा, एवढीच विनंती.

नर्सिंगला इंग्रजी लागत नाही असे मी म्हणणार नाही. लागते. पोटॅशियम क्लोराईडच्या अँप्यूलवरचे नाव वाचता आले नाही आणि ते तसेच शिरेत गेले, तर माणूस मरतो. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम लिहिले आणि बाटलीवर ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम असेल तर अडीच मिली द्यायचे, हा हिशेब रात्री तीन वाजता झोपेने डोळे जड झालेले असतानाही बरोबर यावा लागतो. त्यात मला सवलत नको आहे. कोणालाच मिळू नये.

पण बारावीचा इंग्रजीचा पेपर हे तपासत नाही. त्यात कवितेचे रसग्रहण असते, कादंबरीतल्या पात्रांवर प्रश्न असतात. वाईट काही नाही त्यात, मुलांनी वाचावेच. पण वॉर्डात आम्हाला लागते ते लेबल, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट देता-घेतानाचे इंग्रजी. बी.डी. (दिवसातून दोनदा), टी.डी.एस. (तीनदा), एस.ओ.एस. (गरज पडली तर) ही अक्षरे आम्ही दिवसभर वाचतो, ती तर लॅटिनमधून आलेली. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीलाही ती पहिल्या वर्षीच शिकावी लागतात. ही भाषा तीन-चार महिन्यांत शिकवता येते. मी शिकवली आहे.

आणि ते छत्तीस कुठून आले तेही ऐका. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे ऐन हंगामात. परीक्षेच्या दिवसांत या मुलीचे आईवडील शेकडो किलोमीटर लांब फडावर होते. घरी ती, म्हातारी आजी आणि सातवीतला भाऊ. सकाळी भाकरी थापून, पाणी भरून ती पेपरला जायची. तिच्या कॉलेजात इंग्रजीचे सर वर्षाच्या मध्यावर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. अशा घरातल्या मुलीचे छत्तीस आणि शिकवणी लावून पडलेले छत्तीस एकाच पारड्यात कसे टाकता येतील? अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना गुणांत ५ टक्के सूट आहे, ती योग्यच आहे. पण बीडकडची ऊसतोडीला जाणारी बरीच कुटुंबे भटक्या जमातींत मोडतात, परिषदेच्या निकषांत त्यांना ती नाही. आणि स्थलांतर नावाचा रकाना तर कोणत्याच अर्जात नसतो.

आता माझी दुसरी तक्रार, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते.

त्या खिडकीवर तिला एक वाक्य जास्त सांगितले असते तर पुरे होते: “जी.एन.एम. होणार नाही, पण ए.एन.एम.ला अर्ज कर.” नोंदणी झालेल्या ए.एन.एम.ला पुढे जी.एन.एम.ला प्रवेश घेता येतो. जी.एन.एम. नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग एम.एस्सी. पायऱ्या आहेत, नियमातच आहेत. बारावीचे गुण सुधारायला राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे, तीही तिला कोणी सांगितली नाही. ना कॉलेजने, ना शाळेने. आणि मीही नाही. मी “चाळीस लागतात” म्हणून मोकळी झाले आणि इंग्रजीचे वेगळे चाळीस विचारले नाहीत. त्याची बोच मला आजही आहे.

तिला ज्याने सांगितले तो एस.टी. स्टँडजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ‘नर्सिंग’ शिकवणारा माणूस होता. एक वर्षाचा कोर्स, पांढरा एप्रन, गळ्यात ओळखपत्र, नोकरीची हमी. पस्तीस हजार रुपये. आईवडिलांनी पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून आधीच घेतली आणि ते पैसे भरले. म्हणजे कोयता हातात घ्यायच्या आधीच त्या हंगामाची कमाई गेली. वर्षभराने ती एका खासगी दवाखान्याच्या पेशंटला घेऊन आमच्याकडे आली तेव्हा मी तिला एप्रनमध्ये पाहिले आणि मला आनंद झाला. मग तिने प्लास्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढून दाखवले. लॅमिनेट केलेले, सोनेरी कडेचे. त्यावर ना परिषदेचे नाव, ना राज्याच्या मंडळाचे. त्या कागदावर तिची नोंदणी आज होणार नाही आणि कधीच होणार नाही. महिना सहा हजारांवर ती त्या दवाखान्यात इंजेक्शने देत होती, सलाईन लावत होती, आणि सगळे तिला सिस्टर म्हणत होते.

म्हणजे झाले काय, बघा. दर्जा राखायचा म्हणून आपण जिला खिडकीतून परत पाठवले, तिच्याच हातात विनानोंदणी, विनाशिक्षण सुई गेली. गुणांची अट पेशंटच्या सुरक्षेसाठी आहे असे तुम्ही म्हणाल तर मला ते मान्य आहे. पण मग त्या दवाखान्यातल्या पेशंटची सुरक्षा कोणी पाहिली? तिच्या हातून उद्या काही चुकले तर खटला तिच्यावर होईल. स्टँडजवळच्या त्या दोन खोल्यांवर होणार नाही.

माझ्याबद्दलही थोडे सांगते, कारण एवढे बोलायचा मला काय अधिकार असे कोणीही विचारेल. मी १९९२ ला दहावी झाले. ४४ टक्के. गणितात बरोबर पस्तीस, इंग्रजीत अडतीस. तेव्हा ए.एन.एम.ला दहावी पास चालायचे आणि कोर्स अठरा महिन्यांचा होता. बारावीची अट पुढे बऱ्याच वर्षांनी आली. मी ए.एन.एम. झाले, उपकेंद्रावर नोकरी केली, चिखल तुडवत वाड्या-वस्त्यांवर लसीकरणाला फिरले, बाळंतपणे केली. नंतर रजा टाकून जी.एन.एम. केले. त्या पहिल्या वर्षी डोसाचा हिशेब मला येत नव्हता. आमच्या पाठ्यनिर्देशिका बाईंनी रोज जेवणाच्या सुट्टीत पाच उदाहरणे द्यायची आणि ती बरोबर येईपर्यंत डबा उघडू द्यायचा नाही. दोन महिन्यांत आले. आज माझ्या वॉर्डात औषधाचा डोस दुसऱ्याने तपासल्याशिवाय जात नाही, तो नियम मी त्या दिवसांतून घेतला. तेव्हाच्या अडतीस गुणांवर मला आजच्या जी.एन.एम.च्या खिडकीने परत पाठवले असते.

या महाराष्ट्रात पूर्वी बायकांना नर्सिंगचे शिक्षण दिले गेले तेही काही गुणपत्रिका चाळून नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले. त्यांत विधवा होत्या, मोठ्या वयात पाटी हातात घेतलेल्या होत्या. आधी लिहा-वाचायला शिकवायचे, मग नर्सिंग शिकवायचे, असा तो क्रम होता. मी आज जे मागते आहे ते याहून फार वेगळे नाही.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याने वेगळी सीईटी सुरू केली. तिच्या १०० गुणांपैकी २० गुण नर्सिंगच्या कलचाचणीला आहेत. म्हणजे या कामाचा कल वेगळा मोजता येतो, हे तुम्ही स्वतःच मान्य केले आहे. मग जी.एन.एम., ए.एन.एम.च्या काठावरच्या मुलींचा तो कल का मोजू नये? पेपरवर नको असेल तर वॉर्डात मोजा. आठ दिवस आमच्याकडे पाठवा. कोण पेशंटच्या उलटीला नाक मुरडते, कोण न सांगता भांडे आणून धरते, हे आम्ही दोन दिवसांत सांगू.

मुलग्यांचे तर आणखी अवघड आहे. ए.एन.एम. फक्त मुलींसाठी. त्यामुळे इंग्रजीत छत्तीस पडलेल्या मुलग्याला ती खालची पायरीही नाही. आमच्याकडे पुरुष वॉर्डात ब्रदरची किती गरज असते हे कोणत्याही मेट्रनला विचारा.

जिला अट पार करता येते तिचीही वाट सोपी नाही. सरकारी शाळांत जागा मोजक्या, तिथली यादी वरच्या गुणांवरच बंद होते. काठावरची मुलगी पात्र असूनही खासगीत ढकलली जाते, आणि खासगीची फी ऊसतोडीच्या घराला झेपत नाही. केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात देशभर १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर केली. ती बी.एस्सी.ची. आनंदच आहे. पण जी.एन.एम. बंद करून सगळे बी.एस्सी.वर न्यायचे असा विचारही मध्यंतरी परिषदेत झाला होता, तो आठवला की मला धडकी भरते. २०२३ मध्ये परिचर्येच्या नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे आणि देशभर प्रवेशाची पद्धत एकसारखी करण्याची गोष्ट त्यात आहे. एकसारखी करताना खालच्या पायऱ्या काढून टाकू नका. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचे लसीकरण सुरू झाले, ते पुढे गावोगाव पोचले तेव्हा उपकेंद्रांवर बहुतेक ठिकाणी सिरिंज ए.एन.एम.च्याच हातात होती. त्यांतल्या कितीतरी जणी माझ्यासारख्या पस्तीस-चाळीसच्या गुणपत्रिका घेऊन आलेल्या आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

जी.एन.एम.ला इंग्रजीत ३५ ते ४० च्या मध्ये अडकलेल्यांना सशर्त प्रवेश द्यावा. पहिले तीन महिने जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये वॉर्डातले इंग्रजी आणि डोसाचे गणित शिकवावे, शेवटी कडक परीक्षा घ्यावी. नापास झाली तर प्रवेश रद्द करा, भरलेली फी परत द्या. शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि नोंदणीची अट मात्र तसूभरही ढिली करू नका.

स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी सरकारी ए.एन.एम. आणि जी.एन.एम. शाळांत काही जागा वेगळ्या ठेवाव्यात. किती, ते तुम्ही ठरवा, पण आकडा जाहीर करा. नोकरीतल्या ए.एन.एम.ना जी.एन.एम. करण्यासाठी पगारी रजा आणि ठरलेल्या जागा मिळाव्यात. मुलग्यांसाठी ए.एन.एम.च्या तोडीची एखादी पहिली पायरी तयार करावी.

बारावीचा निकाल लागण्याच्या आत राज्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आणि प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या खिडकीवर मराठीत एक पानी कागद लागला पाहिजे: तीन कोर्स, प्रत्येकाची पात्रता, एका पायरीवरून दुसरीवर कसे जायचे, गुण कसे सुधारायचे, आणि त्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त संस्थांची नावे. एवढ्याला शासन निर्णयही लागू नये, परिपत्रक पुरेल. आणि खिडकीवर बसणाऱ्याला सांगा, मुलीला ‘होणार नाही’ म्हणायच्या आधी काय होऊ शकते ते वाचून दाखव.

मान्यता नसताना नर्सिंगच्या नावाने फी घेणाऱ्यांची जिल्हावार तपासणी करा. ज्या मुली तिथे फसल्या त्यांना गुन्हेगार ठरवू नका. त्यांना ए.एन.एम.च्या अर्जापर्यंत आणून सोडा.

या पत्राचे उत्तर लेखी मिळावे, आणि नाही म्हणायचे असेल तर कारणासहित मिळावे.

ती मुलगी आता त्या दवाखान्यात जात नाही. मीच तिला सोडायला लावले. सहा हजार गेले म्हणून घरात कुरकुर झाली, ती तिने सोसली. रोज संध्याकाळी ती माझ्या घरी येते. आम्ही डोसाची उदाहरणे सोडवतो आणि औषधांच्या रिकाम्या खोक्यांवरची लेबले मोठ्याने वाचतो. परवा तिने ‘फॉर इंट्राव्हेनस यूज ओन्ली’ एका दमात वाचले आणि अर्थही सांगितला. येत्या प्रवेशाला तिचा ए.एन.एम.चा अर्ज भरायचा आहे. आईवडिलांना रोजंदारी सोडून येता आले नाही तर खिडकीवर तिच्याबरोबर मी येणार आहे. तोवर तो कागद तिथे लागलेला असावा.

आपली विश्वासू,
एक परिसेविका
मराठवाड्यातील एक सरकारी रुग्णालय